शून्याची दुप्पट

अशोक चौकाच्या मागं आमचा टॉवेलचा कारखाना.
पेपर येतो एकच,
आणि पान सातवरचं शब्दकोडं सोडवणारे आम्ही नऊ.
म्हणून झेरॉक्स. रोज नऊ प्रती, खर्च माझ्या नावावर,
कारण हिशेबाची वही माझ्याकडं
आणि हे लीगचं खूळ माझ्याच डोक्यातून निघालं
असं मालक म्हणतात, तक्रारीच्या सुरात.

नियम सोपे आहेत.
प्रत्येकाला शंभर शेंगा. शेंगा हेच चलन,
खाऊन टाकल्यास ज्याची त्याची जबाबदारी.
शंभरात तीन गडी घ्यायचे, त्यातला एक कप्तान,
कप्तानाचे गुण दुप्पट.
गडी बदलायचा तर रविवारी.
स्वतःला मात्र घेता येत नाही.
इथंच खरी मेख आहे बघा.
सुताच्या भावावरून ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद
तोच तुमच्या संघात,
आणि सकाळी उदबत्ती लावताना तुम्ही
त्याचं अडलेलं 'उभं पाच' सुटावं म्हणून हात जोडता.

भाव मी लावले.
रंगखात्याचे मेहबूब नदाफ, एकसष्ट.
उर्दू शाळेत शिकलेला माणूस,
मराठी अक्षरं काढतो जरा उजवीकडून वारा आल्यासारखी,
पण चूक नाही.
बसलिंग हत्तुरे, चौतीस. हा भाव त्याला अजून मान्य नाही.
नागमणी येमूल, पाच.
ती काठ शिवते. घरी तेलुगू, इथं मराठी,
दोरा तुटला की कन्नड.
तिला कोणी घेईना. मी घेतलं,
कारण उरलेल्या पाच शेंगांत दुसरं कोणी बसत नव्हतं.

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
आडवं नऊ आलं: 'स्वाभिमान; मागावरचा आडवा धागा.' दोन अक्षरं.
बसलिंगनं 'गर्व' लिहिलं, खोडलं, 'ताठा' लिहिलं,
कागदाला भोक पडलं.
नागमणी मशीन न थांबवता म्हणाली,
"बाणा की ओ. त्याच्यावर तर जगलालोय सगळे."
तिचा भाव दुसऱ्या दिवशी बावीस झाला.
तिनं विचारलं, पगारात धरणार का?

मार्चात पत्रे तापले,
आणि मेहबूबभाई यायचे थांबले.
छाती. सिव्हिल, दुसरा मजला.
वहीत त्यांच्यापुढं शून्य.
रविवारी सगळ्यांनी कप्तान बदलला. मीसुद्धा.
फक्त पॅकिंगचा व्यंकटेश चिप्पा,
वय बावीस, मिशी यायचीय,
त्यानं तेच नाव लिहून दिलं.
"काय करलालास बे?" बसलिंग म्हणाला.
मी त्याला बाजूला घेऊन समजावलं,
कारकुनाला जमतं तेवढं:
शून्याची दुप्पट शून्यच असते रे.
"मांडा की," म्हणाला.
मांडलं. अठरा दिवस मांडलं.
ओळीनं शून्यं,
टॉवेलच्या दशांना मारलेल्या गाठींसारखी.

एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली.
माणसं आठ, आणि झेरॉक्सचं बिल
अजून नऊचंच.

काल व्यंकटेशनं चार घड्यांचा कागद आणून दिला.
त्याला स्पिरिटचा वास.
सगळं कोडं कोरं, एकच शब्द भरलेला,
पेन्सिलीनं, रेघ थरथरलेली.
उभं दोन. 'पाणी साठल्याची जागा.' तीन अक्षरं.
लिहिलंय: कंबर.

बसलिंग म्हणाला, चूक. तलाव पाहिजे.
नागमणी म्हणाली, "मग कंबर तलावात काय चिंध्या साठल्यात काय?"
दोघं माझ्याकडं बघत राहिले.
माझ्या वहीत तेवीस वर्षांत खाडाखोड नाही,
ऑडिटवाल्यानं तसं लेखी दिलंय.

मी टोपण काढलं. एक गुण मांडला.
मग त्याची दुप्पट केली.

व्यंकटेश तरी शेवटून दुसराच आहे.
शेवटचा कोण, ते बसलिंगला विचारू नका.